शंभराची पिशवी: चिल्लर निवडण्यापासून चेस्टपर्यंत

मुंबईत चिल्लर एकीकडे साठते आणि दुसरीकडे तिचा खडखडाट असतो. बेस्टचं आगार, देवळाची दानपेटी, सार्वजनिक शौचालयाचा गल्ला इथे गोण्या भरतात, आणि त्याच रस्त्यावरच्या मेडिकलवाल्याकडे परत द्यायला दोन रुपये नसतात म्हणून तो चॉकलेट पुढे करतो. या दोघांच्या मध्ये बँक आहे. बँकेत सुटी नाणी हाताळायला सगळ्यात सोयीचं एकक म्हणजे शंभर नाण्यांची प्लॅस्टिकची पिशवी. ती बिनचूक कशी भरायची, काउंटरवर तिचं काय होतं आणि पुढे ती कुठे जाते, हे इथे दिलं आहे. मंडळाचे खजिनदार, देवस्थानाचे हिशेबनीस, दुकानदार आणि शाखेत नव्याने कॅशवर बसलेले, या सगळ्यांना ते उपयोगी पडेल.

काही देशांत नाणी कागदाच्या गुंडाळीत बांधून देतात. आपल्याकडे ते जमणं अवघड, कारण एकाच किमतीची नाणी तीन-तीन व्यासांची आहेत. रुपयाच्या गुंडाळीचा कागद कुठल्या मापाने कापायचा, इथूनच पंचाईत. म्हणून पिशवी बरी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाही तशाच आहेत: नाणी, विशेषतः एक आणि दोन रुपयांची, शक्यतो वजनावर घ्यावीत, शंभराच्या पॉलिथिन पिशव्यांत घेतली तर कॅशियर आणि ग्राहक दोघांनाही सोपं जातं, अशा पिशव्या शाखेने काउंटरवर ठेवून ग्राहकांना द्याव्यात. तेव्हा विकत आणण्याआधी शाखेत मागून पाहा.

निवड, म्हणजे खरं काम

मोजायला यंत्र मिळतं, तोलायला काटा मिळतो. भरणा अडतो तो निवड नीट न झाल्यामुळे. हातात येणाऱ्या नाण्यांची मापं एकदा डोळ्यांखालून घाला.

एक रुपया: २०११ पूर्वीचा स्टीलचा २५ मिमी, ४.८५ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतला २२ मिमी, ३.७९ ग्रॅम. २०१९ च्या मालिकेतला २० मिमी, ३.०९ ग्रॅम.

दोन रुपये: जुनं अकरा बाजूंचं तांबे-निकेलचं २६ मिमी, ६ ग्रॅम. त्यानंतरचं स्टीलचं मोठं, सुमारे २७ मिमी. २०११ चं २५ मिमी, ४.८५ ग्रॅम. २०१९ चं २३ मिमी, ४.०७ ग्रॅम.

पाच रुपये: जुनं जाडजूड तांबे-निकेलचं २३ मिमी, ९ ग्रॅम. नंतरचं त्याच व्यासाचं पण ६ ग्रॅमचं. २०१९ चं पिवळं २५ मिमी, ६.७४ ग्रॅम.

दहा रुपये २७ मिमी, २०११ च्या मालिकेत ७.७१ आणि २०१९ च्या मालिकेत ७.७४ ग्रॅम. वीस रुपयेही २७ मिमी, पण ८.५४ ग्रॅम आणि बारा बाजूंचं. पन्नास पैशांचं जुनं स्टीलचं नाणं २२ मिमी, ३.७९ ग्रॅम. ते चलनात आजही वैध आहे, दुकानदार काहीही म्हणो.

आता हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. जुना रुपया आणि २०११ चे दोन रुपये: दोन्ही २५ मिमी, दोन्ही ४.८५ ग्रॅम, दोन्ही स्टील. जुने पन्नास पैसे आणि २०११ चा रुपया: दोन्ही २२ मिमी, दोन्ही ३.७९ ग्रॅम, दोन्ही स्टील. या जोड्या ना काट्यावर कळतात ना व्यासावर चालणाऱ्या यंत्रात. लोहचुंबकालाही दोन्ही सारखीच चिकटतात. उरतो डोळा. सोपी खूण अशी की २०११ आणि नंतरच्या नाण्यांवर आकड्याच्या वर ₹ चिन्ह आहे, त्याआधीच्या नाण्यांवर ते नाही. म्हणून २५ मिमीच्या स्टीलच्या ढिगात ₹ दिसलं की ते दोन रुपये, नाही दिसलं की एक. २२ मिमीच्या ढिगात ₹ दिसलं की एक रुपया, ५० चा आकडा दिसला की पन्नास पैसे. अशोकस्तंभाची बाजू वर असेल तर नाणं उलटा. हा कंटाळा टाळता येत नाही.

व्यासाच्या यंत्राची गत आणखी वाईट आहे. त्याच्या २५ मिमीच्या कप्प्यात जुना रुपया, २०११ चे दोन आणि २०१९ चे पाच असे तिघे पडतात. २३ मिमीच्या कप्प्यात जुने पाच आणि नवे दोन. २७ च्या आसपास मोठे दोन, दहा आणि वीस. मिश्र ढीग त्यात ओतून पडद्यावरची रक्कम भरणा स्लिपवर उतरवली तर फरक येणारच. यंत्र वापरायचं ते निवड झाल्यावर, फक्त नग मोजायला.

टेबलावरचा क्रम असा ठेवा. पांढरी चादर पसरून नाणी ओता, म्हणजे कचरा दिसतो. टाचण्या, वॉशर, अंगठ्या, बटणं वेचा. परदेशी नाणी बाजूला काढा. दानपेटीत ती निघतातच. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात नाहीत, तीही बाजूला. मग लोहचुंबक फिरवा. एक, दोन आणि पन्नास पैशांची स्टीलची नाणी चिकटतात; पिवळे पाच आणि जुनी तांबे-निकेलची नाणी खाली राहतात. २००७-०८ च्या सुमारास पाच रुपयेही स्टीलचे निघाले होते, ते चिकटणाऱ्यांत सापडतील. दोन धातूंची नाणी या फेरीत चुंबकावर सोडू नका, ती रंगावरून निवडा: बाहेरची कडी पिवळी आणि मधला भाग पांढरा असेल तर दहा, बाहेरची पांढरी आणि मधला पिवळा असेल तर वीस. शेवटी उरलेली नाणी व्यासाप्रमाणे आणि प्रत्येक व्यास ₹ चिन्हाप्रमाणे. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची खूण असलेली नाणी वेगळी ठेवायची गरज नाही, ती आपापल्या किमतीच्या २०१९ मालिकेत जातात. दहाच्या नाण्याचंही तेच. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगून ठेवलं आहे की तोवरचे त्याचे १४ नमुने सगळे वैध आहेत. खरं-खोटं ठरवायला नाण्यावरच्या पाकळ्या मोजत बसू नका.

दानपेटीतली नाणी तेल, हळद-कुंकू आणि ओल यांनी चिकटलेली असतात. साध्या पाण्यात थोडा भांड्याचा साबण घालून धुवा, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढा, सुती कापडाने पुसा आणि पंख्याखाली रात्रभर पसरा. जुलै-ऑगस्टमध्ये एक रात्र पुरत नाही. ओली नाणी पिशवीत सील केली तर आत वाफ धरते, डाग पडतात आणि पिशवी वजनालाही चुकते. चिंच, लिंबू, ॲसिड यांच्या नादी लागू नका. नाणं चकचकीत असण्याची अट कुठेच नाही, आणि ॲसिड धातू खातं.

मोजणी आणि वजन

एका पिशवीत एकच किंमत आणि एकच मालिका. बँकेच्या नियमासाठी एक किंमत पुरेशी आहे, पण मालिका मिसळल्या की वजनाची पडताळणी संपली. शंभर नाण्यांचं पुस्तकी वजन असं: रुपया ४८५, ३७९ किंवा ३०९ ग्रॅम, दोन रुपये ४८५ किंवा ४०७, पाच रुपये ९००, ६०० किंवा ६७४, दहा रुपये ७७१ किंवा ७७४, वीस रुपये ८५४.

हे आकडे नव्या नाण्यांचे आहेत. वापरातलं नाणं झिजतं, आणि इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. नाणी सरासरी एक टक्का झिजलेली असतील तर शंभर रुपयांची पिशवी ३७९ ऐवजी ३७५.२ ग्रॅम भरते, म्हणजे काटा ‘एक नाणं कमी’ असंच सांगतो. नग मात्र पूर्ण शंभर. याच हिशेबाने दोन हजार नाण्यांची गोणी एकदम तोलली तर वीस नाण्यांचा घोळ दिसेल. म्हणून वजन फक्त शंभराच्या पातळीवर घ्या आणि पुस्तकी आकड्यावर विसंबू नका. त्याच ढिगातली शंभर नाणी हाताने दोनदा मोजा, रिकाम्या पिशवीसकट तोला, आणि तो आकडा त्या ढिगापुरता प्रमाण धरा. अशा दोन-तीन पिशव्या करून सरासरी घेतली तर आणखी उत्तम.

काटा किमान एक ग्रॅम दाखवणारा हवा. वाण्याकडचा पाच-पाच ग्रॅमने सरकणारा काटा इथे निरुपयोगी, कारण रुपयाचं एक नाणं त्यात दिसतच नाही. दहाच्या पिशवीत चुकून वीसचं एक नाणं गेलं तर फरक जेमतेम ०.८ ग्रॅमचा, तो एक ग्रॅमच्या काट्यावरही पकडला जाईलच असं नाही. प्रमाण पिशवीपेक्षा अर्ध्या नाण्याच्या वजनाहून जास्त फरक आला की पिशवी उघडून मोजायची, हा नियम कडक पाळा.

चुका दोन जातींच्या असतात, आणि त्यांतली एक काट्याला दिसत नाही. नऊ ग्रॅमचे पाच आणि सहा ग्रॅमचे पाच मिसळले तर वजन बोंबलतं, रक्कम बरोबर राहते. जुन्या रुपयात दोन रुपये मिसळले तर वजन अचूक, नग अचूक, आणि रक्कम चूक. पहिली चूक तुमचा वेळ खाते. दुसरी थेट पैसे खाते, बहुतेक वेळा तुमचेच.

मोजणाऱ्याने सील करू नये. एकाने मोजावं, दुसऱ्याने तोलून सील करावं. पिशवीत चिठ्ठी टाका, अक्षरं बाहेरून वाचता येतील अशी: किंमत, नग १००, एकूण रुपये, तारीख, भरणाऱ्याचं नाव, सही. तोंड हीट सीलरने बंद करा. स्टेपलरच्या पिना शेजारची पिशवी फाडतात आणि कॅशियरची बोटंही. पातळ पिशवी दहा आणि वीसच्या वजनाला टिकत नाही. अंगठ्याने ताणून पांढरी पडते ती पिशवी घेऊ नका.

शाखेत नेताना

नाणी नेण्याआधी वजनाचा अंदाज घ्या. दहा हजार रुपये वीसच्या नाण्यांत ४.२७ किलो, दहाच्या नव्या नाण्यांत ७.७४ किलो, सहा ग्रॅमच्या पाचांत १२ किलो, २०११ च्या दोनांत २४.२५ किलो आणि २०११ च्या रुपयांत ३७.९ किलो. एका माणसाने उचलायची गोणी वीस किलोच्या आत ठेवा, आतून जाड कापडी पिशवी, बाहेरून गोणपाट. पावसाळ्यात सगळ्यावर प्लॅस्टिक. टॅक्सीची डिकी भरली की लोक उरलेली गोणी लोकलने आणतात. फलाटावर गोणी उसवली तर काय होईल ते मुंबईकराला सांगायला नको.

शाखेला आदल्या दिवशी फोन करा आणि किमतीनुसार पिशव्यांची संख्या सांगा. महिन्याचे पहिले दिवस, सोमवार आणि सणानंतरचा पहिला कामाचा दिवस टाळा. भरणा स्लिपवर नाण्यांचा तपशील किमतीनुसार वेगळा लिहा. मोठी रोख रक्कम भरत असाल तर पॅन लागतो, आणि नाणी ही रोखच. काही बँका नाणी हाताळण्याचं शुल्क लावतात, ते शाखेच्या दरपत्रकात आधी पाहून घ्या.

काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘हजार रुपयांच्या वर चिल्लर घेता येत नाही.’ हा गैरसमज नाणे कायद्यातून आला आहे. नाणे कायदा, २०११ प्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, पन्नास पैसे दहा रुपयांपर्यंत. याचा अर्थ एवढाच की समोरच्या पैसे घेणाऱ्यावर त्याहून जास्त नाण्यांची सक्ती करता येत नाही. खात्यात भरण्याला अशी मर्यादा नाही, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलेलं आहे. कॅशियरशी वाद न घालता शांतपणे हेड कॅशियरकडे जा. बहुतेक वेळा अडचण कायद्याची नसते, वॉल्टमधल्या जागेची असते.

कॅशियर प्रत्येक पिशवी फोडत नाही. सगळ्या तोलतो, मधल्या काही उघडून मोजतो, आणि त्यांत फरक आला तर अख्खा भरणा संशयात जातो. म्हणूनच प्रमाण वजनाची एक पिशवी वर ठेवून सोबत द्यावी; पडताळणी झपाट्याने होते.

शाखेतून चेस्टकडे

शाखेत आलेली नाणी आधी त्याच काउंटरवरून परत बाहेर जायला हवीत. चेस्टला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा-नाण्यांचा साठा ठेवणाऱ्या बँकेतल्या तिजोरीला, पाठवणं हा दुसरा पर्याय, कारण गाडी, रखवाली आणि हमाली यांचा खर्च नाण्यांच्या किमतीच्या मानाने फार असतो. किमतीनुसार गोण्या भरून प्रत्येकीवर टॅग लावा: शाखा, किंमत, पिशव्यांची संख्या, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. नोंद वॉल्ट रजिस्टरमध्ये त्याच दिवशी, दोन्ही किल्लीधारकांसमोर. जुन्या तारखेची गोणी पुढे, नवी मागे. नाही तर तळाची गोणी वर्षानुवर्षं हलत नाही आणि ओलीने पिशव्या उघडतात. गोण्या जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा. वाकलेली, भोक पाडलेली, घासून गुळगुळीत झालेली नाणी चांगल्या पिशवीत कधीच घालू नका. ती वेगळी बांधून चेस्टमार्गे परत पाठवायची असतात.

वाहतूक एजन्सीची गाडी असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निकषांप्रमाणे चालकासोबत किमान दोन कस्टोडियन (रोकड ताब्यात ठेवणारे) आणि दोन सशस्त्र रक्षक लागतात, माणसांचा आणि रोकडीचा कप्पा वेगळा लागतो. फेऱ्या शक्यतो दिवसाउजेडी. नाण्यांच्या बाबतीत चोरीइतकीच काळजी गाडीच्या वजनाची घ्यावी लागते. २०११ च्या रुपयाच्या एक लाख नाण्यांचं वजन पावणेचारशे किलोच्या पुढे जातं, आणि फोर्टसारख्या भागात गाडी शाखेच्या दारात उभी राहील याची खात्री नसते. ट्रॉली आणि हमाल आधी ठरवा.

करन्सी चेस्टमध्ये रुपया आणि त्यावरची नाणी राहतात. रुपयाखालच्या नाण्यांसाठी काही शाखांना स्मॉल कॉइन डेपो दिलेले आहेत. चेस्ट आपल्याला जोडलेल्या शाखांच्या इंडेंटप्रमाणे, म्हणजे लेखी मागणीप्रमाणे, नाणी पुढे देते. साठा चेस्टच्या क्षमतेबाहेर गेला आणि मागणी नसली, तर रिझर्व्ह बँकेच्या इश्यू विभागाकडे पाठवण्याची परवानगी मागायची.

नवी नाणी उलट दिशेने येतात. नाणी केंद्र सरकार काढतं, वाटते रिझर्व्ह बँक. टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा. मुंबईची टांकसाळ फोर्टात शहीद भगतसिंग मार्गावर रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे. तिच्या नाण्यावर वर्षाखाली चौकटच्या आकाराची खूण असते. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूण नाही. टांकसाळीतून इश्यू ऑफिस, तिथून चेस्ट, चेस्टमधून शाखा. टांकसाळीच्या गोणीवरचा टॅग आणि सील गोणी संपेपर्यंत टाकू नका. नग कमी निघाले तर दाखवायला तोच पुरावा.

नाणी वाटल्याबद्दल बँकेला पैसेही मिळतात. १ सप्टेंबर २०२१ पासून दर गोणीमागे ६५ रुपये, त्याआधी ते २५ होते. ग्रामीण आणि निमशहरी भागातल्या वाटपाला आणखी १०. हिशेब चेस्टमधून निव्वळ किती नाणी बाहेर गेली त्यावर होतो, आणि चेस्टने जोडलेल्या शाखांना त्यांचा वाटा द्यायचा असतो. शाखेने इंडेंटची आणि वाटपाची नोंद नीट ठेवली नसेल तर हा वाटा मागायला आधार राहत नाही.

सुट्टे हवे असतील तर

दुकानदाराने बाजारातून कमिशनवर सुट्टे घेण्यापेक्षा आपल्या चालू खात्याच्या शाखेत लेखी मागणी द्यावी: कोणती किंमत, किती पिशव्या, किती दिवसांनी. एका वेळी एका गोणीहून जास्त नाणी लागणाऱ्या व्यावसायिक ग्राहकांनाही बँकांनी नाणी द्यावीत, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे; अट एवढीच की ग्राहकाचं केवायसी पूर्ण हवं, नाणी खरोखर धंद्यासाठी हवीत आणि बँकेने नोंद ठेवावी. काही बँका ती दारापर्यंतही पोचवतात. घेताना काउंटरवरच प्रत्येक पिशवी तोला. दाराबाहेर गेल्यावर कमी नगाची तक्रार कोणी ऐकत नाही. किरकोळ गरजेला क्यूआर कोडवर चालणारी नाण्यांची यंत्रं आहेत. खात्यातून यूपीआयने पैसे वळते होतात आणि नाणी पडतात. त्यांचा प्रायोगिक टप्पा २०२३ मध्ये १२ शहरांसाठी जाहीर झाला, त्यांत मुंबई होती.

शाखा नाणी घ्यायलाच तयार नसेल तर नकार लेखी मागा. तो मिळाला नाही तर बँकेच्या तक्रार विभागाला मेल करा: तारीख, वेळ, शाखा, पिशव्यांची संख्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार नोंदवता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.